निजामाला प्रजेची गरज पडलीच नाही

हैदराबादच्या पब्लिक गार्डनमधली पांढऱ्या घुमटांची विधानसभेची जुनी इमारत मुळात टाऊन हॉल म्हणून उभी राहिली. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या चाळिसाव्या वाढदिवसानिमित्त लोकांनी वर्गणी काढली, १९०५ साली पायाभरणी झाली आणि १९१३ मध्ये काम पुरे झाले. पैसा प्रजेचा होता आणि निमित्त राजाच्या वाढदिवसाचे. प्रजेने प्रौढ मतदानाने निवडलेले प्रतिनिधी मात्र १९५२ च्या आधी या राज्यात सत्तेवर बसू शकले नाहीत. त्या मधल्या चार दशकांत हैदराबाद संस्थानात जे घडले आणि जे घडू दिले गेले नाही, ते आज फारसे कोणी सांगत नाही.

दरवर्षी १७ सप्टेंबर आला की आठवण निघते, पण वादही त्या तारखेच्या नावाचाच होतो. महाराष्ट्रात तो मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. तेलंगणात केंद्र सरकार 'हैदराबाद मुक्ती दिन' म्हणते, आधीच्या राज्य सरकारने 'राष्ट्रीय एकात्मता दिन' म्हटले आणि आताचे सरकार 'प्रजापालन दिन' म्हणते. कर्नाटकात 'कल्याण कर्नाटक उत्सव' असतो. ध्वजारोहण होते, हुतात्म्यांना अभिवादन होते, निजामाच्या बाजूच्या हत्यारबंद रझाकारांच्या अत्याचारांची उजळणी होते आणि सरदार पटेलांचे स्मरण होते. हे सगळे योग्यच आहे. पण त्यामुळे असे वाटू लागते की ही गोष्ट १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजेच्या रणगाड्यांबरोबर सुरू झाली आणि १७ तारखेला निजामाच्या शरणागतीने संपली.

ती सुरू झाली त्याच्या कितीतरी आधी, आणि तेव्हा मागणी फार नेमस्त होती. १९३८ साली हैदराबाद स्टेट काँग्रेस उभी राहत होती तेव्हा तिने निजामाला गादीवरून उतरवण्याची भाषा केली नव्हती. निजामाच्या छत्राखाली जबाबदार राज्यपद्धती हवी, एवढेच तिचे ध्येय होते. राजा राहील, मुकुट राहील, नाण्यावर नाव राहील. फक्त मंत्री प्रजेला उत्तरदायी असतील आणि कर प्रजेच्या संमतीने बसेल. इंग्लंडने १६८९ च्या हक्कांच्या सनदेने आणि डेन्मार्कने १८४९ च्या राज्यघटनेने जे केले, तेच हैदराबादची माणसे मागत होती. ती मागणी मान्य झाली असती तर पुढचे रक्त बहुधा सांडले नसते. आसफजाही घराण्यालाही गादीवरून इतक्या एकाकी अवस्थेत पायउतार व्हावे लागले नसते.

मग मान्य का झाली नाही? सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांचा हट्टी, संशयी, कंजूस स्वभाव हे याचे ठराविक उत्तर आहे. स्वभावाचा वाटा होताच. पण युरोपचा इतिहास शेजारी ठेवून पाहिले की खरे कारण तिजोरीत आणि फौजेत सापडते.

युरोपातल्या राजांनी सत्ता चांगुलपणाने सोडली नाही. इंग्लंडच्या पहिल्या चार्ल्सने १६२९ पासून ११ वर्षे पार्लमेंट बोलावलेच नाही. आपल्या अधिकारात जेवढे कर लावता येतील तेवढे लावून त्याने कारभार रेटला. १६४० मध्ये स्कॉटलंडशी लढाई अंगावर आली, फौजेला पैसा लागला आणि मुकाट्याने पार्लमेंट बोलवावे लागले. त्यापुढची गोष्ट त्याच्या शिरच्छेदापर्यंत जाते. १६८८ च्या क्रांतीनंतर पार्लमेंटने राजाच्या मनमानीची मूळ वाटच बंद केली. संमतीशिवाय कर नाही, शांततेच्या काळात संमतीशिवाय खडी फौज नाही. फ्रान्सच्या राजांनी तर १६१४ नंतर १७५ वर्षे प्रतिनिधी सभा भरवली नव्हती. १७८९ मध्ये सोळाव्या लुईने ती भरवली, कारण तिजोरी रिकामी झाली होती. राजाला प्रजेच्या पैशाची आणि प्रजेच्या पोरांची गरज पडली की त्याच्या बदल्यात हक्क मागता येतात. युरोपात मर्यादित राजेशाही आली ती अशा देवघेवीतून, आणि तीही एका रात्रीत नव्हे.

हैदराबादच्या निजामाला अशी गरज पडलीच नाही, कारण त्याच्या गादीची हमी दुसऱ्याच कोणी घेतली होती. १७९८ च्या तैनाती फौजेच्या करारापासून राज्याच्या संरक्षणाचा भार ईस्ट इंडिया कंपनीने उचलला. पुढे निजामाच्या खर्चाने पोसायची 'कंटिन्जंट' फौज आली आणि तिचा पगार थकत गेला. तिजोरी खरोखर रिकामी होती. इंग्लंडचा राजा अशा वेळी प्रजेच्या प्रतिनिधींपुढे हात पसरतो. निजामाने १८५३ मध्ये कंपनीला वऱ्हाड तोडून दिला. १९०२ मध्ये तोच वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडे गेला. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाण्याची मराठी माणसे एका सहीने इकडून तिकडे झाली, आणि त्यांना कोणी विचारले नाही. महाराष्ट्रातल्या वाचकाने हा प्रसंग जरा थांबून पाहावा. ज्या संकटातून दुसरीकडे लोकप्रतिनिधींची सभा जन्माला आली, त्याच संकटावर इथे उपाय निघाला तो मुलूख गहाण टाकण्याचा.

त्यात राज्याची रचनाही राजाला प्रजेपासून सुटे ठेवणारी होती. सगळा मुलूख सरकारी खजिन्याचा नव्हताच. त्यातला सुमारे साठ टक्के भाग दिवाणी, म्हणजे सरकारी खजिन्याचा, तीस टक्क्यांच्या आसपास सरदारांच्या जहागिरी आणि पायगा, आणि उरलेला जवळपास एक दशांश सर्फे-खास, म्हणजे निजामाची खासगी मालमत्ता. मराठवाड्यातल्या धाराशिव-परांड्याकडच्या मुलखाचा महसूल सरकारी तिजोरीत न जाता थेट निजामाच्या खासगीत जात असे. स्वतःच्या घरखर्चासाठी ज्या राजाला कोणाकडेही मागावे लागत नाही, तो अंदाजपत्रकावर चर्चा करणारी सभा कशासाठी बोलवेल?

असे असूनही सुरुवात वाईट नव्हती. पहिल्या सालारजंगाने १८५३ ते १८८३ या तीस वर्षांच्या दिवाणगिरीत जिल्हे पाडले, महसुलाची घडी बसवली, न्यायखाते उभे केले. महबूब अलींच्या काळात 'कानूनचा-ए-मुबारक' आला, कायदे कौन्सिल निघाले. त्यात बहुतेक सरकारी अधिकारीच बसत, पण निदान राजाच्या इच्छेला कागदाची एक चौकट मिळाली होती. बंगळूर-म्हैसूरकडे १८८१ मध्येच प्रतिनिधी सभा भरू लागली होती. हैदराबादही त्या वाटेने जाईल असे कोणाला वाटले असेल तर त्यात नवल नाही.

सातव्या निजामाने ती वाट उलटी फिरवली. १९११ मध्ये गादीवर आलेल्या उस्मान अलींनी १९१४ मध्ये तिसऱ्या सालारजंगाला दिवाणगिरीवरून दूर केले आणि पाच वर्षे दिवाणाशिवाय सगळा कारभार आपल्या हाती ठेवला. १९१९ मध्ये बाबे-हुकूमत, म्हणजे कार्यकारी कौन्सिल, आणि सदरे-आझम हे पद निर्माण झाले, सर अली इमाम पहिले सदरे-आझम झाले. पण कौन्सिलने मत बनवायचे, ते अर्जदाश्तीच्या रूपाने किंग कोठीकडे, म्हणजे निजामाच्या निवासस्थानी, पाठवायचे आणि तिथून फर्मान सुटायची वाट पाहायची, ही पद्धत कायम राहिली. अर्ज खालून वर जाई, हुकूम वरून खाली येई. मधे कुठेही प्रजा नव्हती.

या राजाला मर्यादा नव्हती असे मात्र नाही. १९२५ मध्ये वऱ्हाड परत मागताना उस्मान अलींनी बरोबरीच्या नात्याने पत्र लिहिले, तेव्हा व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंगने २७ मार्च १९२६ च्या उत्तरात ब्रिटिश सत्ता हिंदुस्थानात सर्वोच्च आहे, तिच्याशी कोणी संस्थानिक बरोबरी सांगू शकत नाही, असे स्पष्ट सुनावले. निजामाच्या सत्तेला कुंपण होते, आणि ते कोठी भागातल्या ब्रिटिश रेसिडेन्सीतून घातले जाई. प्रजेच्या वाट्याला त्या कुंपणाचा काडीचा उपयोग नव्हता. उलट रेसिडेंटचा हात डोक्यावर आहे तोवर प्रजेचा हात धरण्याची निजामाला गरजच नव्हती. संस्थानी हिंदुस्थानातल्या राजेशाहीचे हे दुखणे युरोपच्या पुस्तकात सापडत नाही, ते इथेच पाहावे लागते.

उस्मान अलींचे मोठेपण सांगणारे आजही हैदराबादेत पुष्कळ आहेत, आणि ते खोटे बोलत नाहीत. १९१८ चे उस्मानिया विद्यापीठ, १९०८ च्या मुसी नदीच्या पुरानंतर बांधलेला उस्मान सागर, उस्मानिया दवाखाना, हायकोर्टाची इमारत या सगळ्यांचा शहराला आजही आधार आहे. पण प्रशियाच्या फ्रेडरिकने आणि ऑस्ट्रियाच्या दुसऱ्या जोसेफनेही सुधारणा केल्या होत्या. राजाने दिलेला दवाखाना आणि प्रजेचा हक्क या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. दवाखाना दिला म्हणून सभा भरवण्याची बंदी क्षम्य ठरत नाही.

ती बंदी कशी होती? 'गश्ती निशाण ५३' या फतव्याने सभा भरवायची तर आधी अर्ज, मग परवानगी. खासगी शाळा काढायची, आखाडा काढायचा, तरी परवानगी. त्यामुळे हैदराबादच्या राजकीय परिषदा हैदराबादच्या बाहेर भरू लागल्या. पहिली १९२३ मध्ये काकीनाड्याला, दुसरी मुंबईला, तिसरी १९२८ मध्ये पुण्याला न. चिं. केळकरांच्या अध्यक्षतेखाली, चौथी १९३१ मध्ये अकोल्याला बॅरिस्टर रामचंद्र नाईकांच्या अध्यक्षतेखाली. स्वतःच्या राजाकडे नम्रपणे सुधारणा मागायच्या, आणि त्या मागण्यासाठी त्याच्याच राज्याबाहेर जायचे! शहरात बोलायला मोकळी जागा उरली ती रेसिडेन्सी बाजाराची, म्हणजे आजच्या सुलतान बाजाराची, कारण १९३३ पर्यंत तिथे अंमल इंग्रजांचा होता. केशवराव कोरटकर, वामन नाईक यांच्यासारख्या मराठी वकील-पुढाऱ्यांनी आणि विवेकवर्धिनीसारख्या शिक्षणसंस्थांनी त्याच परिसरात सार्वजनिक जीवन जागते ठेवले. आज कोठी-सुलतान बाजारच्या गर्दीतून साड्या आणि पुस्तके घेऊन जाणाऱ्या मराठी कुटुंबांना त्या गल्ल्यांचे हे ऋण कोणी सांगत नाही, याची खंत वाटते.

१९३७-३८ ही दोन वर्षे निर्णायक ठरली. परतूरला १९३७ मध्ये महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन गोविंदराव नानलांच्या अध्यक्षतेखाली भरले, पुढच्या वर्षी लातूरला दुसरे. स्वामी रामानंद तीर्थ परिषदेचे सरचिटणीस झाले. त्याच १९३७ मध्ये सरकारने दिवाण बहादूर अरवमुदू अय्यंगार यांच्या अध्यक्षतेखाली सुधारणा समिती नेमली. समितीवर चळवळीतले काशीनाथराव वैद्यही होते. म्हणजे वाटाघाटीला जागा होती, माणसे होती, मुहूर्तही होता. पण १९३८ च्या सप्टेंबरात स्टेट काँग्रेस रीतसर स्थापन होण्याआधीच तिच्यावर बंदी आली. सदरे-आझम सर अकबर हैदरींना 'काँग्रेस' हे नावच खुपत होते. २४ ऑक्टोबरला सत्याग्रहाची पहिली तुकडी निघाली. गोविंदराव नानल, श्रीनिवासराव बोरीकर, रामकिशन धूत, जनार्दनराव देसाई आणि तेलंगणाचे रवी नारायण रेड्डी असे पाच जण. मराठी, कानडी, तेलुगू, मारवाडी घरांतली ही माणसे एकत्र तुरुंगात गेली ती राजाला घटनेच्या चौकटीत बसवण्यासाठी. त्याच सुमारास उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहात 'वंदे मातरम्' म्हणणाऱ्या विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले आणि त्यांतल्या अनेकांना नागपूर विद्यापीठाने आसरा दिला.

आणि अखेर सुधारणा जाहीर झाल्या त्या कशा? राज्याचा प्रमुख हाच प्रजेचा खरा आणि कायमचा प्रतिनिधी आहे, निवडून येणाऱ्या आणि जाणाऱ्या प्रतिनिधींपेक्षा त्याचे प्रजेशी नाते अधिक स्वाभाविक आहे, असा त्यांचा पाया होता. चौदाव्या लुईच्या दरबारात हे म्हटले गेले असते तर खपून गेले असते; हैदराबादेत ते म्हटले गेले विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात. जुलै १९३९ मध्ये जाहीर झालेल्या योजनेत ८५ सभासदांची असेंब्ली होती. त्यांतले ४२ निवडून यायचे, तेही गावागावांतल्या मतदारांकडून नव्हे. जहागीरदार, पट्टेदार, वकील, व्यापारी, पदवीधर अशा धंदेवार गटांकडून. राज्याची ८५ टक्क्यांच्या आसपास प्रजा हिंदू असताना हिंदू आणि मुसलमानांना सारख्या जागा होत्या. निजाम, त्यांचे घराणे, फौज, ब्रिटिशांशी संबंध हे विषय असेंब्लीच्या कक्षेबाहेर होते. आणि एवढेही लगेच अमलात आले नाही. महायुद्धाचे कारण पुढे करून १९४६ पर्यंत लांबणीवर टाकले गेले. तोवर स्टेट काँग्रेसने त्यावर बहिष्कार घातला होता, आणि तो योग्यच होता.

राजे मंडळींना हे जमतच नव्हते, असे मुळीच नाही. याच काळात सातारा भागातल्या औंध संस्थानात भवानराव पंतप्रतिनिधींनी आपणहून सत्ता सोडली. जेमतेम ७२ गावांचे आणि पाऊण लाख वस्तीचे राज्य. पण १९३९ च्या जानेवारीत गांधीजींच्या सल्ल्याने तयार झालेल्या घटनेने गावपंचायतीपासून वरपर्यंत कारभार लोकांच्या हाती दिला. या कामात राजपुत्र अप्पासाहेब पंत आणि मूळचे पोलंडचे मॉरिस फ्रीडमन यांचा मोठा वाटा होता. औंध लहान होते म्हणून ते सोपे होते, असे म्हणणाऱ्यांनी म्हैसूर पाहावे. तिथे १९४७ च्या ऑक्टोबरात लोकांच्या चळवळीपुढे महाराजांनी नमते घेतले, के. सी. रेड्डींचे मंत्रिमंडळ आले, आणि जयचामराज वडियार पुढे राजप्रमुख आणि मग राज्यपाल म्हणून मानाने राहिले.

हैदराबादेत १९४७ च्या ऑक्टोबरात काय झाले, ते याच्या शेजारी ठेवून पाहावे. २७ तारखेच्या पहाटे रझाकारांच्या जमावाने दिल्लीला वाटाघाटीसाठी निघालेल्या सदरे-आझम छत्तारीचे नवाब, सर वॉल्टर मॉन्क्टन आणि सर सुलतान अहमद यांची घरे वेढली आणि त्यांना जाऊच दिले नाही. निजामांनी शिष्टमंडळ बदलले. पुढे सदरे-आझमही बदलला. मीर लायक अली आले. रझाकारांचे नेते, लातूरचे वकील कासिम रझवी राज्याची दिशा ठरवू लागले. ज्याने कायद्याची मर्यादा वर्षानुवर्षे नाकारली, त्याच्यावर अखेर हत्यारबंद जमावाची मर्यादा आली. त्या जमावाला रोखायला मधे लोकांची निवडलेली सभा नव्हती, मंत्री नव्हते, स्वतंत्र पक्ष नव्हते. ते सगळे निजामांनीच उभे राहू दिले नव्हते. १९४८ च्या जूनमध्ये माउंटबॅटन यांच्या मध्यस्थीने जबाबदार सरकार आणि घटनासभा यांची शेवटची योजना आली, तीही फेटाळली गेली. भारतीय फौजेच्या 'पोलीस कारवाई'नंतर २३ सप्टेंबरच्या नभोवाणी भाषणात खुद्द निजामांनीच कबूल केले की एका छोट्या टोळीने हिटलरी पद्धतीने राज्य ताब्यात घेतले होते.

याची किंमत किंग कोठीने भरली नाही. ती आधी रझाकारांच्या हल्ल्यांत खेड्यापाड्यांतल्या हिंदूंनी भरली, आणि १७ सप्टेंबरनंतर उस्मानाबाद, नांदेड, बिदर, गुलबर्ग्याच्या मुसलमान वस्त्यांनी. केंद्र सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने या दुसऱ्या हिंसेतल्या मृतांचा आकडा किमान २७ ते ४० हजार धरला. मराठवाड्यात या भागाबद्दल अजूनही दबक्या आवाजात बोलले जाते. मुक्तिसंग्रामाचा अभिमान बाळगणाऱ्यांनी हेही मोकळेपणाने बोलावे. त्याने स्वामी रामानंद तीर्थांच्या लढ्याला उणेपणा येत नाही. स्वामीजींनी जे मागितले होते ते वेळेत मिळाले असते, तर यातले पुष्कळ टळले असते.

आणि शेवटी निजाम मर्यादित राजे झालेच. १९४९ च्या फेब्रुवारीत सर्फे-खास दिवाणीत विलीन झाले, ऑगस्टमध्ये जहागिऱ्या गेल्या. २३ नोव्हेंबर १९४९ च्या फर्मानाने त्यांनी भारताची राज्यघटना हैदराबादला लागू केली आणि २६ जानेवारी १९५० पासून ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत ते राजप्रमुख होते. मार्च १९५२ मध्ये बुर्गुला रामकृष्ण राव यांचे निवडून आलेले मंत्रिमंडळ सत्तेवर आले, त्यात दिगंबरराव बिंदू गृहमंत्री होते. मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने सही करणारा राजा १९३८ मध्ये मागितला होता, तो चौदा वर्षांनी मिळाला. मधे एक फौज आली, हजारो माणसे गेली आणि सव्वा वर्ष लष्करी अंमल सोसावा लागला.

म्हणून १७ सप्टेंबरच्या कार्यक्रमांत २४ ऑक्टोबर १९३८ ला स्थान मिळाले पाहिजे. पाठ्यपुस्तकात रझाकारांना एक पान असेल तर अय्यंगार समितीला आणि परतूर-लातूरच्या ठरावांना दुसरे हवे. हैदराबादच्या तारनाका भागातल्या राज्य अभिलेखागारात निजामशाहीची दफ्तरे आहेत. महाराष्ट्र आणि तेलंगण सरकारांनी मिळून त्यांतली सुधारणांची फर्माने, अर्जदाश्ती, बंदीचे हुकूम आणि परिषदांचे ठराव मराठी, तेलुगू, कानडी आणि उर्दूत शाळा-महाविद्यालयांपर्यंत पोहोचतील अशा रीतीने छापावेत. खर्च फार नाही आणि कागद हाताशी आहेत. संभाजीनगर, नांदेड आणि हैदराबादच्या विद्यापीठांतल्या इतिहास विभागांनी एकत्र बसून हे काम येत्या वर्षभरात सुरू करावे.